रविवार, दहा ते बारा

"हिचं सिलेक्शन तर यंदा होऊनच जाते पाहजो. टाइमटेबल पाह्यलं काय तिचं? तेरा तासांचं हाय, बाप्पा!"

"तेरा? मी सात तास बसली तर मले गरगरते."

"म्हणूनच तुझं होऊन नाही राहिलं."

अभ्यासिकेच्या जिन्याजवळ पाण्याचं फिल्टर आहे. दोन मुली माझ्याकडे पाठ करून बाटल्या भरत होत्या आणि मी त्यांच्या मागे रिकामी बाटली घेऊन उभी होते. त्या माझ्याबद्दल बोलत आहेत हे मला "कोपऱ्यातली नं वं, जे कोणाशीच बोलत नाही ते?" हे वाक्य आल्यावर कळलं. तेवढ्यात त्यांच्यातली उंच मुलगी वळली, मला पाहून दचकली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही भरा नं आधी." मी "नाही नाही, तुमचं होऊ द्या" म्हणाले आणि बाटली तशीच घेऊन जागेवर जाऊन बसले. तहान लागलेली होती, पण तिथे उभं राहून त्या दोघींशी बोलण्यापेक्षा तहान परवडली.

जागेवर समोरच्या प्लायवूडला तो कागद चिकटवलेला होता. तेरा आडव्या ओळी, तेरा उभ्या. लाल, हिरवे, निळे चौकोन आणि अधूनमधून गुलाबी. ते टाइमटेबल नव्हतं. ते पोकर होतं.

पोकरमध्ये प्रत्येकाला सुरुवातीला दोन पत्ते मिळतात. त्या दोन पत्त्यांचे सगळे प्रकार मांडले की एकशे एकोणसत्तर चौकोन होतात, तेरा गुणिले तेरा. प्रत्येक चौकोनात पत्त्यांची अक्षरं किंवा आकडे, राणीला Q, गुलामाला J. कोणत्या जोडीने बोली वाढवायची, कोणत्या जोडीने नुसतं सोबत राहायचं आणि कोणती जोडी निमूट टाकून द्यायची, हे त्या रंगांत असतं. टेबलावरची तुमची जागा बदलली की तक्ताही बदलतो, म्हणून असे सहा तक्ते पाठ करावे लागतात. गुलाबी चौकोन सगळ्यात त्रासदायक. ते हात, म्हणजे त्या जोड्या, कधी खेळायचे असतात, कधी टाकायचे असतात, आणि कधी काय हे समोरच्याला कळता कामा नये.

मी राहते शहराच्या टोकाला, बेस्याला, आणि अभ्यासिका आहे शहरात, नंदनवन नावाच्या वस्तीत. सकाळी सात ते एक मी घरूनच काम करते, लोकांच्या रेकॉर्ड केलेल्या मीटिंगा ऐकून टाइप करण्याचं. त्यानंतर त्या दोन खोल्यांत आईची टीव्ही मालिका सुरू होते, आणि बाबांची बुटीबोरीच्या कारखान्यात सकाळची पाळी असली की चारपासून तेही घरी. म्हणून मी महिन्याच्या बोलीवर इथे जागा घेतली. फॉर्मवर "कोणत्या परीक्षेची तयारी?" असा रकाना होता. मी तो रिकामा सोडला. अभ्यासिका चालवणारे सर निवृत्त शिक्षक. त्यांनी माझ्यादेखत तिथे आपल्या हाताने "स्पर्धा परीक्षा" लिहिलं आणि म्हणाले, "घाबरू नको बेटा, पहिल्या वर्षी सगळेच ठरवत नाहीत." मी पावती घेऊन निघाले. याला सात महिने झाले होते.

घरी लपवलेलं नव्हतं. बाबांनी एकदाच विचारलं होतं, "पैसे लावते काय?"

"नाही. पैशांच्या जागी फुकटच्या चिप्स असतात. नुसते आकडे."

ते सुटल्यासारखे झाले, जेवले, हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसता पुसता म्हणाले, "मग खेळते कायले?"

पैसे लावले असते तर मी बिघडले असते. लावत नाही, तर मी वेळ वाया घालवते. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी बुद्धिबळ खेळत, त्यांना हे कोणी विचारलं नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या टेबलावर सहा जण असतात, कोणी कोणाशी बोलत नाही, आणि तरी प्रत्येक जण काय विचार करतोय हे ओळखायचं असतं. मी लहानपणापासून हेच करत आले, फक्त त्याला गुण कधी मिळाले नव्हते.

आणि मी सुधारत होते. पहिले तीन महिने मी प्रत्येक डाव शेवटपर्यंत बघायची, कारण समोरच्याकडे काय होतं हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. मग एका दुपारी मी बऱ्यापैकी हात असताना तो शेवटच्या पत्त्यावर टाकून दिला, समोरच्याचे पत्ते न बघता. कळलंच नाही मी बरोबर होते की चूक. तासभर मी नुसती बसून होते, इतकं बरं वाटत होतं.

ही गोष्ट मी ज्या एका व्यक्तीला सांगितली ती म्हणजे माझी अभ्यासाची जोडीदार. ती नाशिकची, दातांची डॉक्टर, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. आम्ही कधी भेटलेलो नाही. एका ऑनलाइन गटात ओळख झाली आणि मग आम्ही दोघी एकमेकींचे डाव तपासायला लागलो. ती दोन पेशंटच्या मधल्या वेळात आवाजी मेसेज पाठवते, मागे दात कोरण्याचं यंत्र चालू असतं. ती माझ्यापेक्षा खूप चांगली खेळते. मी जे काही शिकले त्यातलं निम्मं तिच्यामुळे, हे मी मान्यच करते.

पण ती एक तक्ता ठेवते. आमच्या दोघींचा, ऑनलाइन, रोज भरायचा. "अभ्यास" एक रकाना, "खेळ" एक रकाना, आणि तिसरा "इतर". माझ्या "इतर"मध्ये दर रविवारी एकच नोंद असायची: शिवण, दोन तास. एके दिवशी त्या चौकोनाला पिवळा रंग आला आणि बाजूला तिची टीप: "हे कमी करता येईल का?"

मी लिहिलं, "बघते."

हे माझं नेहमीचं उत्तर. लोक त्याला होकार समजतात आणि मी समजू देते.

शिवणाचा क्लास आमच्याच लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, दोन गल्ल्या सोडून. एका काकूंच्या घरी पुढच्या खोलीत सहा मशिनी, म्हणून सहाच बायका. काकूंचा नियम एकच: लागोपाठ दोन रविवार चुकले की मशीन दुसरीला. वाट बघणाऱ्या पुष्कळ. त्यांच्या क्लासमध्ये मी सगळ्यात वाईट आहे. माझा ब्लाउजचा मुंढा, म्हणजे जिथे बाही बसते ती गोलाई, दर वेळी चुकतो.

"हे काय वं? हात घालाचा आहे यात का डबा ठेवाचा आहे?" काकू कापड सगळ्यांना दिसेल असं वर धरून विचारतात. बायका हसतात. मीही हसते. इंग्रजी शाळेत चौदा वर्षं मी चुकायला इतकी घाबरायची की उत्तर येत असूनही हात वर करत नसे, आणि इथे माझी चूक शब्दशः हवेत फडकवतात तरी मला काही होत नाही. उसवते, पुन्हा घालते.

आईला शिवण पसंत आहे. "लग्नानंतर कामी येते." ज्या गोष्टी मला आवडतात त्या कुठल्यातरी दुसऱ्या कशाच्या कामी आल्याच पाहिजेत, असा सगळ्यांचा आग्रह का असतो मला कळत नाही. जोडीदाराचंही तेच. एकदा चांगल्या मूडमध्ये असताना ती म्हणाली, "अगं, शिवणाने तुझा पेशन्स वाढत असेल ना? मग ते आपण 'अभ्यास'मध्ये धरू." मी प्रामाणिकपणे विचार केला. नाही. शिवणाने माझा पेशन्स वाढलेला नाही. सुईत दोरा ओवताना मी आजही मनातल्या मनात शिव्या देते. ज्या आठवड्यात क्लासला गेले त्या आठवड्यात मी कधी बरी खेळले, कधी घाण. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असता तर फार बरं झालं असतं, मला सगळ्यांना सांगता आलं असतं. पण नाही.

गेल्या महिन्यात माझी प्रगती थांबली. चुका त्याच, त्याच जागी. जोडीदाराने माझे चाळीस डाव तपासले आणि मेसेज पाठवला. यंत्र बंद होतं, म्हणजे तिने मुद्दाम वेळ काढला होता.

"हे बघ, राग मानू नकोस. तू अशा पॉइंटला आहेस की इथून पुढे अर्धवट चालत नाही. मला आठवड्यातून सलग दोन तास हवेत, दोघी समोरासमोर, स्क्रीनवर. माझं क्लिनिक रविवारीच बंद असतं आणि दुपारपासून मुलं घरी असतात, म्हणून दहा ते बारा. ते 'इतर' आहे ना, तू सोड असं मी म्हणत नाहीये. तू फक्त प्रायॉरिटी ठरव. नाहीतर मला दुसरी जोडीदार बघावी लागेल, खरंच."

दहा ते बारा. शिवणाची वेळ दहा ते बारा. आधीच्याच रविवारी एका सराव स्पर्धेसाठी मी क्लास बुडवला होता. आता हाही बुडला की मशीन गेली. नाही बुडवला, तर जोडीदार गेली. तिने शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळव म्हणून सांगितलं. मी लिहिलं, "बघते."

बुडवला होता त्या रविवारी दुपारी काकू आमच्या घरावरून भाजी घेऊन चालल्या होत्या. फाटकातूनच ओरडल्या, "काहून वं, आली नाही? बाह्या लावाच्या राहिल्या नं तुझ्या! पुढच्या रविवारी नाही आली तर मी तुले ओळखत नाही." आणि मी म्हणाले, "हो काकू, बघते."

आणि त्याच आठवड्यात, फिल्टरजवळच्या त्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी, सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. अभ्यासिकेत दर शनिवारी चार वाजता "मार्गदर्शन" असतं. जुन्यांपैकी एकाने उभं राहून दहा मिनिटं बाकीच्यांना सांगायचं, कसा अभ्यास करतो, काय वाचतो. सात महिने मी शनिवारी साडेतीनला निघून जायची.

"या शनिवारी तुझा नंबर," सर कुजबुजले. तिथे मोठ्याने बोलायला त्यांनाही बंदी आहे. "समतोल या विषयावर. पोरं एका विषयाच्या मागे लागतात अन् बाकीचे बुडवतात. तुझं टाइमटेबल मी पाह्यलं. सगळ्यांनी पाह्यलं."

"सर, ते..."

"लाजाचं काय त्यात बेटा? दहाच मिनिटं."

यावर मी काय म्हणाले ते लिहायची गरज नाही.

शनिवारी मी पोचले तेव्हा सरांनी माझा कागद प्लायवूडवरून काढून फळ्यावर चारही कोपऱ्यांना टेप लावून चिकटवला होता. समोर अठरा-वीस जण, मांडीवर वह्या. पुढच्याच रांगेत फिल्टरवाल्या दोघी. मी फळ्याच्या बाजूला उभी राहिले आणि मला इतका राग आला, सगळ्यांचाच, की भीती वाटायला जागाच उरली नाही. माणसाने एक कागद आपल्या समोर लावला तर त्यावर काय आहे हे विचारावं ना. आपण होऊन ठरवून, वर त्याचं कौतुक कशाला?

मी म्हणाले, "नमस्कार." आणि थांबले.

थांबले तर प्रश्न सुरू झाले.

"ताई, हे लाल म्हणजे?"

"लाल म्हणजे... जोर लावायचा."

सगळ्यांनी लिहिलं.

"अन् निळं?"

"निळं सोडून द्यायचं."

"पूर्ण सोडाचं? वाचाचंच नाही?"

"हो. सुरुवातीलाच."

"पाहा!" सर मागून म्हणाले. "काय सोडायचं ते आधी कळलं पाहिजे. मी रोज सांगतो."

"ताई, हे Q म्हणजे क्वांट, गणित असन नं? मग J म्हणजे काय?"

"जीके," कोणीतरी मुलगा म्हणाला.

"जीकेचा G राहते बे."

"तिचा J असन. तुले काय करायचं?"

सगळे हसले. मी गुलाबीबद्दलही सांगितलं. कधी करायचं, कधी नाही, आणि आपलं ठरलेलं दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. तेही लिहून घेतलं गेलं. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते आणि त्या खोलीत एकालाही खरं काही कळलेलं नव्हतं. खिशात फोन थरथरला. काढून न बघताही मला माहीत होतं. नाशिक.

मग त्या उंच मुलीने हात वर केला. फिल्टरजवळ "तेरा तासांचं हाय, बाप्पा" म्हणणारी हीच. बसल्या बसल्या बोलायला लागली, मग उठून उभी राहिली.

"ताई, छंद ठेवावा का सोडावा? म्हणजे मी ढोलकी वाजवते. आमच्या गल्लीतल्या बायांचं मंडळ हाय, लग्नात, बारशाले जातो. दर शुक्रवारी दोन तास जाते त्याच्यात. घरचे म्हणते बंद कर, परीक्षेपर्यंत तरी."

"तिच्याशिवाय दुसरी कोणी नाही वाजवत," शेजारची मैत्रीण म्हणाली. "हिनं सोडलं तर बाया ताटंच वाजवतीन."

पुन्हा हसले सगळे. ती नाही हसली. ती माझ्याकडे बघत होती, पेन उघडून.

मी तोंड उघडलं आणि त्यातून नाशिकचा आवाज बाहेर आला. तोच सूर, तोच समजूतदारपणा. "सोडच असं मी म्हणत नाही. पण प्रायॉरिटी ठरवावी लागते. या स्टेजला अर्धवट चालत नाही."

"म्हणजे सोडाचं?"

मी मान हलवली. हो की नाही हे कळणार नाही अशी, माझी नेहमीची.

तिने खाली बसून लिहिलं. मी उभी असल्यामुळे मला वही दिसत होती. तारीख, त्याखाली "मार्गदर्शन", त्याखाली लाल जोर, निळं सोडणे, गुलाबी कधी-कधी. आणि शेवटी, "ढोलकी बंद." मग पट्टी घेऊन तिने त्याखाली दोन रेघा मारल्या. पट्टी घेऊन. नीट, कंपासमधून काढून. सात महिने मी काही न बोलता बसले, तेव्हा त्याचा भुर्दंड मी एकटीच भरत होते. आता ही एक मुलगी, जिचं नावही मला माहीत नव्हतं, पुढच्या शुक्रवारी घरी बसणार होती, कारण माझी मान नीट आडवी हलत नाही.

सर पुढे येऊन आभार मानायला लागले. "अतिशय थोडक्यात, पण मुद्द्याचं." टाळ्या वाजल्या. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. फोन पुन्हा थरथरला. या वेळी मी काढून बघितला. "उद्या दहा. पक्कं समजू ना?"

मला स्वतःचाच वैताग आला आणि मी फोन खिशात टाकला. हिला "बघते", काकूंना "बघते", सरांनाही "बघते", आणि या मुलीला उसनं शहाणपण. मला काय हवंय हे मला चांगलं माहीत होतं. पत्ते सोडायचे नव्हते, ती माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट होती जी मी कोणी न सांगता शिकायला घेतली. पण त्यासाठी तो एक सकाळचा तुकडाही द्यायचा नव्हता, जिथे माझं वाईट असणं चालतं. हे इतकं साधं होतं आणि मी ते एकालाही सांगितलेलं नव्हतं. जोडीदार गेली तर गेली. दुसरा वार मागून बघेन. नाही म्हणाली तर एकटी शिकेन, हळू शिकेन.

टाळ्या थांबल्या. खुर्च्या सरकायला लागल्या. मी जागची हलले नाही, तेव्हा सरांनी वळून पाहिलं.

"अजून काही सांगायचंय का बेटा?"

मी त्या उंच मुलीच्या वहीवर बोट ठेवलं. माझा आवाज त्या खोलीत इतका मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं. जिन्यात चपला घालणारेही थांबले.

"हे खोड. शेवटचं खोड आधी, मग सगळंच खोड. हे टाइमटेबल नाही, पत्ते आहेत. मी इथे सात महिने पत्त्यांचा अभ्यास करतेय, परीक्षा कुठलीच देत नाहीये, सर, तो रकाना तुम्ही भरलात. आणि उद्या दहा वाजता मी पत्त्यांचा अभ्यासही करणार नाहीये. उद्या मी शिवणाच्या क्लासला जाणार आहे. तिथे जाऊन माझे पत्ते सुधारत नाहीत, आणि ब्लाउज तर अजून एकही धड झाला नाही. तरी जाणार आहे."